पेंढी घ्यायला गेलेला हात

अश्वजितच्या खोलीत आवाज घुमत नाही, याचं सगळं श्रेय धानाच्या पोत्यांना. अड्याळला त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. धान निघाला की पोती तिथे छताला टेकेपर्यंत रचून ठेवतात. ज्याला गाणं रेकॉर्ड करायचं असतं, त्याला घुमणारी खोली उपयोगाची नाही. मोठ्या शहरांत त्यासाठी भिंतींना जाड स्पंज चिकटवतात. अश्वजितने एकदा सहज पोत्यांच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली, तर टाळी जिथल्या तिथे विझली. त्या दिवशी त्याला कळलं, की आपल्या घरात स्टुडिओ आधीपासूनच होता, फक्त त्यात कुणी गायलं नव्हतं.

अडचण एवढीच, की धान विकला गेला की स्टुडिओही गाडीत बसून निघून जातो. मग तो रिकामा बारदाना दोरीवर टांगून भिंती झाकतो, आईची दोन ब्लँकेटं दाराला लावतो आणि कोंबड्यांना अंगणाच्या पलीकडे हाकलतो. तरीही एखादी कोंबडी गाण्यात येतेच. त्याच्या तिसऱ्या गाण्यात एक आहे. ऐकणाऱ्यांना वाटतं, मुद्दाम घातली.

तो गाणी स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः वाजवतो आणि स्वतःच इंटरनेटवर चढवतो. त्याच्या मागे कुठली कंपनी नाही. पुण्यात शिकायला चार वर्षं राहून आला, तिथेच गिटार हाती लागली. आठवड्यातून तीन दिवस तो पवनीला एका शाळेत मुलांना संगीत शिकवतो. बाकीचे दिवस खोलीत. त्याचे वडील संघपाल पोस्टात आहेत. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, तर ते थोडा विचार करून म्हणतात, "त्याचं इंटरनेटवर राहते काहीतरी."

त्याला एक चांगली सवय होती. रोज एक तरी नवा आवाज शोधायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. वहीच्या मुखपृष्ठावर त्याने लिहिलं होतं, 'सापडलेलं'. तिच्यात दूरदेशच्या वाळवंटातला एक गिटारवाला होता, त्याच्या वाजवण्याला उंटाची चाल होती. बर्फाच्या देशातली एक मुलगी होती, ती स्वतःच्याच आवाजाचे आठ थर एकावर एक चढवून गायची. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच मानाने, पवनीच्या पीठगिरणीचा पट्टा होता. तो सैल झाला की पेटीच्या काळी चारच्या सुरात गुणगुणायचा. शेजारच्या डोमाकाकांच्या जुन्या कॅसेटमधली पेटी होती. तिची एक पट्टी बसलेली, आणि वाजवणारा मोठ्या शिताफीने तिला वळसा घालून जायचा. शाळेतल्या मुलांना तो डोळे मिटायला लावून असे आवाज ऐकवायचा आणि विचारायचा, हा माणूस बसलाय की उभा आहे? मुलं बरोबर सांगायची. आवाजात अंग दिसतं, हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं. पुढे जे घडलं त्यात हा धडा तो स्वतःच विसरला, म्हणून सांगून ठेवतो.

झालं असं. रोवण्याचे दिवस होते. धानाचे पऱ्हे म्हणजे कोवळी रोपं उपटून, त्यांच्या पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे शेताच्या खाचरात, ती पुन्हा एकेक करून लावायची, याला आपल्याकडे रोवणा म्हणतात. अश्वजित पवनीहून मोटारसायकलने परत येत होता. एका वळणावर त्याला गाणं ऐकू आलं. दहा-बारा बाया ओळीने वाकून रोवत मागे मागे सरकत होत्या, आणि त्यांतली एक म्हातारी गात होती:

"बगळ्या दादा, तुहे उंच उंच पाय,
आमच्या बांधीमंधी तुहं काम काय?"

आवाज जुन्या पितळी भांड्यासारखा होता. थोडा चेपलेला, पण वाजला की खणखणीत. अश्वजितने गाडी थांबवली, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून मोबाइल पुढे धरला आणि चार मिनिटं श्वाससुद्धा जपून घेतला. त्या रात्री 'सापडलेलं'मध्ये त्याने पानभर लिहिलं.

मग त्याने त्या आवाजाभोवती गिटार विणून गाणं तयार केलं आणि पुण्याला रेणूताईंना पाठवलं. रेणूताई दर रविवारी इंटरनेटवर एक कार्यक्रम करतात. घरच्या घरी स्वतःची गाणी करणाऱ्यांना तिथे जागा मिळते. अश्वजितने तीन वर्षांत त्यांना सात गाणी पाठवली होती. साती परत आली होती, प्रत्येकाबरोबर चार गोड शब्द होते. आठव्याला उत्तर आलं: या रविवारी लावते. पण एक अट होती. तुमच्या भातलावणीच्या गाण्यात ज्यांचा आवाज आहे, त्यांनी पूर्ण गाणं ऐकून, स्वतःच्या तोंडाने होकार दिलेला मला हवा. शनिवारी दुपारी बारापर्यंत. होकार नाही तर गाणं नाही.

अट रास्त होती. अश्वजितलाही ती रास्तच वाटली. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो, असं त्याच्या मनात आलं.

मंगळवारी संध्याकाळी तो विचारत विचारत त्या म्हातारीच्या घरी पोचला. बेबीबाई त्यांचं नाव. नळाखाली बसून दगडाने पायाचा चिखल घासत होत्या. सून सरिता चुलीपाशी चहा करत होती. अश्वजितने नमस्कार केला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "आजी, तुमची लावणी मी रेकॉर्ड केली. पुण्याच्या लोकायले लय आवडली."

बेबीबाईंचा हात थांबला. "काय रेकॉर्ड केलास?"

"लावणी. तुम्ही बांधीत गात होत्या ना, ते."

सरिता चहा तसाच सोडून आत पळाली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. बेबीबाई मात्र हसल्या नाहीत.

"साठ वर्सं उलटले मले. पाच नातवायची आजी आहो. पायात घुंगरू नाई बांधले कधी, अन् तू मले लावनीवाली करून राहिला? लावनी पाहाची असन तं दिवारीनंतर मंडईले जाय. येती कायले आला?"

अश्वजित काही बोलायच्या आत त्या उठून आत गेल्या. चहाही मिळाला नाही.

पश्चिमेकडे, पुण्या-कोकणात, धान लावण्याला भातलावणी म्हणतात. तिथे तो साधा शेतीचा शब्द आहे. आपल्याकडे लावणी म्हटलं की मंडईतला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतला, तंबू, ढोलकी आणि शिट्ट्या. अश्वजितला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण दोन दिवस तो रेणूताईंची चिठ्ठी वाचत होता, आणि वाचता वाचता त्यांचा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं. सत्यभामाबाई भाकरी थापत होत्या. त्या इतक्या हसल्या की भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली.

"माह्या पदराले धरून रोवण्याले येत होता तू," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "चिखलात बसून रडे. अन् आता लावनी म्हनते. बरं झालं, तिनं दगड नाई फेकला."

मग त्यांनी गंभीर होऊन सल्ला दिला. रोवण्याच्या दिवसांत माणसाला घरी गाठू नये, घरी तो थकलेला असतो. बांधीत जा, दुपारच्या जेवणाला बाया धुऱ्यावर बसल्या की माफी माग आणि मग गाणं ऐकव. अश्वजितने आधी काय केलं असेल, तर चिठ्ठी आल्यावर फाइलला दिलेलं 'लावणी' हे नाव बदललं.

बुधवारी दुपारी तो लहानसा स्पीकर घेऊन बांधीवर गेला. बाया धुऱ्यावर डबे उघडून बसल्या होत्या. सरिताने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं असावं. तो दिसताच भावना नावाची एक तरणी बाई म्हणाली, "आले वो मंडईवाले." सगळ्या हसल्या. अश्वजितने कान पकडले. रोवण्याचं गाणं, असं त्याने स्वच्छ म्हटलं आणि चूक कशी झाली तेही सांगितलं. बेबीबाईंनी लोणच्याची फोड चोखत ऐकून घेतलं. "हं," त्या म्हणाल्या, "आता बोलला. लाव."

गाणं सुरू झालं. आधी गिटार, मग तो पितळी आवाज. बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत फेकायचं काम करणारे कवडूभाऊ डबा खाली ठेवून जवळ आले. गाणं संपल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्यांतली गुड्डी म्हणाली, अगदी सिनेमासारखं झालंय. बेबीबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

"आणखी एकदा लाव."

त्याने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज माहाच आहे. पन हे बाई कोन आहे?"

अश्वजितला कळलं नाही.

"हिच्या हातातले पऱ्हे सरतच नाईत. घडीभर थांबत नाई, पेंढी घेत नाई, रोवूनच राहिली. कोनाची बांधी आहे हे? माहा हात कोठी गेला?"

आता कुठे अश्वजितच्या लक्षात आलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये बेबीबाई दर दोन ओळींनंतर थांबत होत्या. ते थांबणंही सारखं नव्हतं. कधी क्षणभर, कधी चांगलं लांब. संगणकावर ठेका टकटक वाजत असतो, त्यात ते बसेना. म्हणून अश्वजितने अकरा ठिकाणी कात्री चालवून आवाज ठेक्यात नेमका बसवला होता. मधल्या जागांत बाकीच्या बाया काहीतरी गुणगुणत होत्या, चिखलाचं चुबुक चुबुक होतं. तेही त्याने गोंगाट समजून धुऊन काढलं होतं. त्याला वाटलं होतं, आपण आजींचं गाणं सुधारलं.

हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. बेबीबाई रागावल्या नाहीत. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, असं अश्वजितला वाटलं.

"असं मी गातच नाई, बाबू," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग हो कसा म्हनू? चांगलं बनवला तू. पन ते माहं नाई."

रविवार डोळ्यांसमोरून निघून चालला होता. अश्वजित खाली बघत स्पीकरचं बटण उगाच चालू-बंद करत राहिला. जेवण आटोपून बाया उठल्या, पदर खोचून बांधीत उतरल्या. बेबीबाईंनी वळून पाहिलं.

"बसून काय राहिला? पँट वर कर अन् उतर. समजन तं येतीच समजन."

तो उतरला. सरिता आणि बेबीबाई यांच्या मध्ये त्याला जागा मिळाली. डाव्या हातात पऱ्ह्यांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या घ्यायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, मागे सरायचं. पहिल्या दहा मिनिटांत त्याची ओळ सापासारखी वळली. कवडूभाऊंनी धुऱ्यावरून विचारलं, की हा रस्ता कुठं जातो. कमरेतून कळ निघाली. आणि मग बेबीबाईंनी गाणं धरलं.

बगळ्या दादा, तुहे उंच उंच पाय. आमच्या बांधीमंधी तुहं काम काय. शेवटच्या शब्दाशी त्यांच्या डाव्या हातातले पऱ्हे संपले. न पाहता त्यांचा हात मागे गेला, पेंढीसाठी. ती हाताशी होती तेव्हा थांबणं लहान झालं. पुढच्या वेळी कवडूभाऊंची पेंढी दूर पडली होती. बेबीबाईंना दोन पावलं जावं लागलं, ओळ सोडावी लागली. तोवर बाकीच्या बायांनी तो 'काय' सोडला नाही. काम काऽऽऽय. खालच्या आवाजात, एका सुरात, त्या तो धरून राहिल्या. कुणी मोजत नव्हतं. सगळ्यांचे डोळे चिखलात होते, तरी आजींचा हात कुठे आहे हे सगळ्यांना कळत होतं. हात परत आला, पहिली काडी चिखलात गेली, की पुढची ओळ.

अश्वजित वाकलेलाच थांबला. ज्या जागा त्याने कापून टाकल्या होत्या, तिथेच तर सगळ्या मिळून गात होत्या.

"रोव ना गा," सरिता म्हणाली. "तुह्यासाठी ओळ थांबली."

गुरुवारी त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. शुक्रवारी जरा बरं होतं. दोन्ही दिवस तो बारदान्याच्या भिंतींत बसून होता. मूळ रेकॉर्डिंग त्याने जपून ठेवलं होतं, हे नशीब. ते त्याने जसंच्या तसं घेतलं. टकटक बंद केली. चिखल परत आला, बाया परत आल्या, तो लांबलेला 'काय' परत आला. आता गिटारलाच आजींच्या मागे चालायचं होतं, आणि हे सोपं नव्हतं. कितीदा तरी तो त्यांच्या आधी पोचला, कितीदा मागे राहिला. शेवटी त्याने बोटांकडे पाहणं सोडलं. डोळे मिटून तो बांधीत उभा राहिला आणि वाट पाहू लागला. पेंढी दूर पडली की गिटारही गप्प. आईने जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ती दारातच येऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता माही कंबर दुखून राहिली." याहून मोठी दाद त्याला आजवर मिळाली नव्हती.

शनिवारी सकाळी दहाला तो निघाला. बाया त्या दिवशी दुसऱ्या बांधीत होत्या, ती शोधण्यात वेळ गेला. पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि जेवणाला अजून अवकाश होता. बेबीबाईंनी काम थांबवलं नाही. "धुऱ्यावर ठेव अन् लाव," वाकूनच त्या म्हणाल्या.

त्याने लावलं. त्या ऐकत होत्या की नाही, हेच समजेना. त्या रोवत होत्या. स्पीकरमधल्या बेबीबाई गात होत्या आणि चिखलातल्या बेबीबाई रोवत होत्या. पहिली दोन कडवी संपली. स्पीकरमध्ये 'काय' लांबला, आणि त्याच वेळी चिखलातला हात मागे गेला. पेंढी घेतली. हात पुढे आला, काडी चिखलात गेली, आणि स्पीकरमधून पुढची ओळ निघाली. सरिता सरळ उभी राहून सासूकडे बघू लागली. भावनाने तोंडावर हात ठेवला. गाणं संपलं तेव्हा बेबीबाई कमरेवर हात देऊन सावकाश उभ्या राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "हे मी आहो."

अश्वजितने घाईने मोबाइल पुढे केला. फक्त नाव सांगा आणि माझी हरकत नाही एवढं म्हणा, असं त्याने समजावलं. बेबीबाईंनी मोबाइलकडे पाहिलं, मग ओळीत उभ्या असलेल्या बायांकडे.

"एकटीचं नाव नोको. मी पेंढीले गेली तवा गानं कोनी धरलं? याईचे नावं घे. सगळ्यायचे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि अश्वजितला घालायचाही नव्हता. पँट वर करून तो चिखलात उतरला आणि ओळीने मोबाइल धरत गेला. सरिताने नाव सांगितलं, गावही सांगितलं. भावनाने माहेरचं आडनाव सांगितलं, मग सासरचं, मग दोन्ही ठेवा म्हणाली. गुड्डीला नाव सांगताना हसू आवरेना, तिचं तीनदा घ्यावं लागलं. ओळीच्या टोकाला पोचला तर धुऱ्यावरून कवडूभाऊ ओरडले, की मी पेंढ्या दूर फेकलो नसतो तर हे गाणं एवढं लांबलं असतं काय? त्यांचंही नाव घेतलं. होकार गाण्यापेक्षा मोठा झाला होता, आणि बाराला वीस मिनिटं होती.

"सुलोचना राहिली," बेबीबाई म्हणाल्या.

सुलोचनाबाई त्या दिवशी कामावर नव्हत्या. लेकीकडे भंडाऱ्याला निघाल्या होत्या. सरिताने चिखलाचा हात पदराला पुसून फोन लावला. त्या बसमध्ये होत्या, बस कारध्याच्या पुलावर होती, आणि वाऱ्यात त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

"काय झालं वो?" त्या घाबरून विचारत होत्या. "कोनी गेलं काय?"

कुणी गेलं नाही, गाण्यासाठी नाव पाहिजे, असं सरिताने ओरडून सांगितलं. बसच्या घरघरीतून त्यांचा आवाज आला.

"मी आहो काय त्या गान्यात?"

अश्वजितने फोन हातात घेतला. "तिसऱ्या कडव्यात आहात, मावशी. सगळ्यायनं सूर सोडला, तुम्ही एकट्या धरून आहात."

"मले वाटलंच होतं," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.

अश्वजितने तिथेच, घोटाभर चिखलात उभं राहून, सगळं रेणूताईंना पाठवलं. फाइल हळूहळू सरकत होती. इथे नेटवर्कची एक काडी येते, एक जाते. तो मोबाइल डोक्यावर धरून उभा राहिला. बाया पुन्हा वाकल्या होत्या, ओळ मागे मागे सरकत त्याच्यापाशी येत होती. बारा वाजायला चार मिनिटं असताना फाइल गेली, आणि लगेच उत्तर आलं: पोचलं. उद्या सकाळी दहाला लावते. सगळी नावं वाचणार.

त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बेबीबाईंची पाठ त्याच्या गुडघ्याला लागायला आली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या. "मंग सरक. तू उभा आहेस, तेती रोवाचं आहे."